क्रूझवर वरच्या दर्जाच्या खोलीसाठी 'बोली' लावा म्हणतात – लावावी का, आणि किती?

मांजराकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं सिंगापूरहून क्रूझला निघालोय. चार रात्री : सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्याचं निमित्त. सासरे म्हणाले, हॉल घेऊन पाचशे पानं उठवू नका, मला एकदा समुद्र दाखवा, पण किनाऱ्यावर उभं करून नको. लातूरहून विमानासाठी मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं, तिथून जातोय. जहाजावर शेजारी शेजारी दोन खोल्या घेतल्यात. दोन्ही आतल्या, खिडकी नसलेल्या, कारण त्याच परवडल्या.

काल कंपनीचा मेल आला : 'तुमच्या खोलीपेक्षा वरच्या खोलीसाठी बोली लावा.' उघडलं तर तीन पर्याय. समुद्राकडची खिडकी, बाल्कनी आणि छोटा स्वीट (म्हणजे बैठकीसकट मोठी खोली). प्रत्येकापुढे बोटाने सरकवायची पट्टी आणि वर पेट्रोलच्या काट्यासारखा एक काटा. बाल्कनीला कमीत कमी ६० डॉलर, जास्तीत जास्त ३००. साठला काटा लाल, सव्वाशेच्या आसपास पिवळा, दोनशेला हिरवा. हिरव्यावर 'तुमची बोली मजबूत आहे' असंही लिहून येतं. मजबूत म्हणजे नेमकं काय ते कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्या ह्यांचं मोंढ्यात आडत दुकान आहे, रोज सौदे बघणारा माणूस. त्यांनी पट्टी दोनदा इकडून तिकडे सरकवली आणि म्हणाले, "दुसरा बोलणारा दिसतच नाही तो लिलाव कसला?" आणि जेवायला बसले.

कुणी असं केलंय का? दोन खोल्यांची बोली एकत्र लागते की वेगवेगळी? आणि सासऱ्यांना बाल्कनी मिळावी एवढीच इच्छा असेल तर किती लावावेत?

कडक_भाकर
ताई, आमच्याकडं जहाज म्हणलं की माजलगावच्या धरणातली होडी. तिच्यात अपग्रेड म्हंजी पुढच्या फळीवर बसणं. त्याला बोली लागत नाही, ढोपर लागतं. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचूलालाव.

गोदाकाठ
ताई, आम्ही दोनदा लावली आहे. एकदा लागली, एकदा नाही. त्यामुळे अर्धा जाणकार समजा.

सगळ्यात आधी : ते ६० डॉलर माणशी आहेत. खोलीत दोघं म्हणजे १२०. रोजचे नाहीत, पूर्ण प्रवासाचे, एवढाच दिलासा. पहिल्या वेळी मी हे वाचलंच नव्हतं. १०० लावले आणि घरी १०० च सांगितले. बँकेचा मेसेज आला तेव्हा नांदेडहून परभणीला पोचेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

क्रूझ कंपनीगणिक या योजनेची नावं वेगवेगळी असतात. रॉयल कॅरिबियनचं 'रॉयलअप', सेलेब्रिटीचं 'मूव्हअप', नॉर्वेजियनचं 'अपग्रेड ॲडव्हांटेज'. चाक मात्र एकच. यातल्या बऱ्याच योजनांमागे कॅनडातल्या माँट्रियालची प्लसग्रेड ही कंपनी आहे. विमानात बिझनेस क्लाससाठी बोली मागवणारे मेल येतात ना, तेही काम बऱ्याचदा यांचंच.

बोली लावली की लगेच पैसे जात नाहीत. मंजूर झाली की कार्डावरून थेट जातात, तेव्हा कुणी विचारत नाही. मंजूर होईपर्यंत तुम्ही आकडा खालीवर करू शकता, बोली काढूनही घेऊ शकता. मंजूर झाली की विषय संपला. पैसे परत नाहीत, आणि 'ही नको, आमची जुनीच द्या' तर नाहीच नाही.

दोन खोल्या म्हणजे दोन वेगळ्या बोली. एक लागेल, दुसरी राहील, असं अगदी होऊ शकतं. शेजारी शेजारी खोल्या घेतल्यात म्हणता, तर आधी हा विचार करा. म्हातारी माणसं नवव्या मजल्यावर आणि तुम्ही सहाव्यावर, चालेल का?

रॉयल कॅरिबियनच्या योजनेत खोलीत तिसरं-चौथं माणूस असेल तर त्याचे वेगळे धरत नाहीत, पहिल्या दोघांचेच घेतात. लेकरं असणाऱ्यांना हे फायद्याचं. एकटा जाणारा मात्र मरतो, त्यालाही दोघांचे भरावे लागतात.

वसमतची_हळद
गोदाकाठ भाऊंनी पैशाचं सांगितलं, मी खोलीचं सांगते. माझा मुलगा जहाजावर किचनमध्ये होता सहा वर्षं, त्यामुळे हे सगळं जेवणाच्या ताटावर ऐकलेलं आहे.

बोली तुम्ही 'बाल्कनी' या जातीवर लावता, खोलीवर नाही. कुठली खोली द्यायची ते कंपनी ठरवते. ती जहाजाच्या अगदी नाकाशी असेल किंवा शेपटीशी. पोहण्याच्या तलावाखाली असेल, तर पहाटे पाचला वर खुर्च्या ओढल्याचा आवाज. डान्सच्या हॉलवर असेल तर रात्री दोनपर्यंत धम्म धम्म. काही खोल्यांच्या समोर लाइफबोट टांगलेली असते. 'दृश्य अडलेलं' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते पर्याय निवडताना बघून घ्या. खिडकी मिळाली आणि खिडकीतून दिसते काय, तर नारिंगी रंगाची बोट.

डोलणं सगळ्यात कमी कुठे, तर खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध. पाळण्यासारखंच की, टोकाला झोका मोठा. तुमच्या आत्ताच्या आतल्या खोल्या सहाव्यावर मधोमध असतील, तर पोटाच्या दृष्टीने त्या चांगल्याच आहेत. दर्जा वरचा म्हणजे आराम जास्त असं काही नाही. तुमचा मार्ग मात्र बराचसा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून आहे, दोन्हीकडे जमीन, त्यामुळे एकंदरीत समुद्र शांत असतो.

आणि सासूबाईंना विचारलंत का, त्यांना काय पाहिजे?

मांजराकाठची
@वसमतची_हळद, विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय, जिथं पाठ टेकंल तिथं." म्हणजे काहीही अर्थ निघू शकतो.

@गोदाकाठ भाऊ, माणशी आहे हे तुम्ही सांगितल्यावर कळलं. मीही चौघांचे मिळून २४० ऐवजी १२० च धरून बसले होते. वाचवलंत.

हुरडापार्टी
आम्ही मुंबई-गोवा केलीय, कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावरून. ते जहाज १९९० सालचं, आधी 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्या काळच्या जहाजांना बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असायच्या. आताच्या मोठ्या जहाजांवर उलटं, बाल्कन्या शेकड्याने. सांगायचा मुद्दा हा की, जिथे बाल्कन्या भरपूर तिथे रिकाम्या राहायची शक्यता जास्त, आणि बोली लागायचीही.

रॉयल कॅरिबियनची क्वांटम जातीची नवी जहाजं आहेत ना, त्यांत बऱ्याच आतल्या खोल्यांत भिंतीएवढा पडदा असतो आणि त्यावर बाहेरचा समुद्र थेट दिसतो. सासऱ्यांना तेवढ्यावर भागवता येतंय का बघा.

मांजराकाठची
टीव्हीवरचाच समुद्र बघायचा तर ते लातूरला बसून रोज बघतात हो :)

बालाघाटी
वाचून गंमत वाटली. इथे सोयाबीनला भाव नाही, शेतकरी रांगेत उभा आहे, आणि मोंढ्यातल्या आडत दुकानदाराच्या घरी चर्चा काय, तर खिडकी साठ डॉलरला की शंभरला. चालू द्या.

मांजराकाठची
@बालाघाटी दादा, राग समजतो. दुकान ह्यांचं आहे, सासरे शेतकरी आहेत. औसा तालुक्यात अकरा एकर, त्यातली सात कोरडवाहू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या गाडीला बघायला ते स्टेशनवर गेले होते. पन्नास हजार लिटरचा एक डबा, असे दहा. घरी येऊन म्हणाले होते, पाणी प्रवास करून येतं हे पहिल्यांदा बघितलं. आता ते प्रवास करून पाण्याकडे चाललेत. एवढंच आहे. या विषयावर यापुढे मी काही लिहिणार नाही.

प्रा_परभणी
मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हात शिवशिवतात.

तुमच्या यजमानांनी जेवायला बसता बसता जे म्हटलं ते अगदी मुद्द्याचं आहे. मोंढ्यातला उघडा लिलाव वेगळा. तिथे समोरचा ४,६०० म्हणाला की तुम्ही ४,६१० म्हणता. तुम्हाला बाजार दिसतो. जहाजवाल्यांचा हा लिफाफाबंद लिलाव आहे. आणि त्यातला त्रासदायक प्रकार, म्हणजे जो जिंकेल त्याने स्वतःची बोली जशीच्या तशी भरायची.

यावर १९६१ साली विल्यम व्हिक्री नावाच्या प्राध्यापकांनी निबंध लिहिला. आडनाव व्हिक्री आणि विषय विक्रीचा, हा योगायोग आपल्यालाच कळणार! त्यांचं म्हणणं असं : जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायला लावली, तर माणूस खरी किंमत बोलतो, कारण खरी किंमत बोलून त्याचं नुकसान होत नाही. पण स्वतःचीच बोली भरायची असेल, तर शहाणा माणूस खऱ्या किमतीपेक्षा मुद्दाम थोडं कमी बोलतो. किती कमी, हे समोर किती जण आहेत यावर. १९९६ चं नोबेल त्यांना जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते वारले.

तेव्हा हिशेब असा करा. आतली खोली सोडून बाल्कनीत चार रात्री काढणं तुम्हाला जास्तीत जास्त किती रुपयांचं वाटतं? कंपनीला नाही, तुम्हाला. त्याच्या खाली बोला. काट्याचा रंग बघून बोली ठरवू नका, काटा विकणाऱ्याचा आहे.

कडक_भाकर
सर, म्हंजी काटा त्याचा, माप त्याचं, अन् हमाली-तोलाई आपली. आमच्याकडं यालाच बाजार म्हणत्यात.

मांजराकाठची
सरांचं हे ह्यांना वाचून दाखवलं. आता जे सांगतायत ते तसंच टाइप करते :

"आमच्या आजोबांच्या वेळेला हत्ता होता. खरेदीदार आणि आडत्या, दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून भाव ठरायचा. शेतकरी समोर उभा, पण त्याला काही दिसायचं नाही. म्हणून तर ते बंद करून उघडा लिलाव आणला. हे जहाजवाल्यांचं म्हणजे परत रुमाल. फक्त या वेळी रुमालाखाली हात आपला, आणि पलीकडे किती हात आहेत ते माहीत नाही. मी तर म्हणतो, पलीकडे दुसरा गिऱ्हाईक नसेलच. पलीकडे दुकानदारच असेल, खोली रिकामी न्यायची का पडत्या भावात द्यायची ह्या विचारात. मग मी गिऱ्हाइकाशी कशाला भांडू? मी दुकानदाराला विचारतो, बाबा, सरळ विकत घेतली तर केवढ्याला देतोस?"

आणि खरंच, हे आपण विचारलंच नव्हतं.

गोदाकाठ
दादांना नमस्कार सांगा. दोनदा बोली लावूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांचं बरोबर आहे. कंपनीला सगळ्यात वरची बोली घेण्याचं बंधन नसतं. शेवटच्या आठवड्यात पूर्ण दराने गिऱ्हाईक येईल असं वाटलं तर ते खोली राखून ठेवतात. नाही वाटलं तर तुम्हाला वर सरकवतात आणि तुमची रिकामी झालेली आतली खोली परत विकायला काढतात. स्वस्तातली खोली विकणं त्यांना सोपं जातं. म्हणजे एका बोलीत दोन धंदे.

एजंटाला फोन करा. 'आजच्या तारखेला आतलीवरून बाल्कनीत जायला फरक किती' एवढंच विचारा.

मांजराकाठची
केला फोन. एजंटाला आधी समजेचना की मी बोली सोडून सरळ भाव का विचारतेय. शेवटी कंपनीला विचारून त्याने सांगितलं.

आज बाल्कनी सरळ घेतली तर फरक माणशी १४० डॉलर.

आता गंमत बघा. काटा हिरवा कधी होतो? २०० ला. म्हणजे 'मजबूत' बोली लावून नशिबाची वाट बघणाऱ्यापेक्षा, आज फोन करून खोली नंबरासकट विकत घेणारा माणशी साठ डॉलर वाचवतो. आणि त्याला खोली निवडताही येते! मी तीनदा विचारून खात्री केली.

ह्यांनी ऐकलं आणि फक्त "रुमाल" एवढंच म्हणाले.

प्रा_परभणी
याला म्हणतात अभ्यास. आता १४० ही तुमची छत-रेषा. बोली त्याच्या वर जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आणि खोली निवडायला मिळणार नाही म्हणून त्याच्या बरीच खाली असायला हवी. माझ्या मते निम्म्याच्या थोडी वर.

नाथसागर
उशिरा येतोय, पण कार्डाचं कुणी बोललं नाही म्हणून.

मागच्या वर्षी आमची बोली मंजूर झाली होती. झाली होती म्हणतोय, कारण पैसे कापले गेलेच नाहीत आणि बोली बाद झाली. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर ही सोय मुळात बंदच येते, आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायची असते. बुकिंग एजंटामार्फत रुपयात केलेलं, त्यामुळे तोपर्यंत कधी गरजच पडली नव्हती. तेव्हा परदेशी व्यवहार चालू, मर्यादा पुरेशी, आणि निघायच्या दिवसापर्यंत तशीच ठेवा. बोली कधी मंजूर होईल सांगता येत नाही, अगदी दोन दिवस आधीसुद्धा होते.

दुसरं, डॉलरमध्ये कापलं की बँक वर मार्कअप, म्हणजे स्वतःचा आकार, लावते. माझ्या कार्डावर साडेतीन टक्के आणि त्या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. डॉलर ९० धरून ८५ ची बोली लावलीत तर दोघांचे १७० डॉलर, म्हणजे १५,३०० रुपये. वर सहाशे-तीस-एक. साधारण १५,९३० कापले जातील. आकडा मनात रुपयातच धरा, डॉलरमध्ये धरलं की सगळं स्वस्त वाटतं.

वसमतची_हळद
आणि स्वीटची पट्टी चुकूनही सरकवू नका. एकापेक्षा जास्त पर्यायांवर बोली लावता येते, त्यातली एकच लागते, पण कुठली ते त्यांच्या हातात. स्वीटला रोजची आपोआप लागणारी टिपही जास्त पडते, ती त्या पट्टीवर दिसत नाही. जे नक्की पाहिजे त्यावरच लावा.

मांजराकाठची
ठरलं एकदाचं. सासू-सासऱ्यांच्या खोलीसाठी बाल्कनी, माणशी ८५. आमच्या खोलीसाठी ६०, म्हणजे कमीत कमी. लागली तर लागली. ८५ ला काटा अजून लालच आहे, 'तुमची बोली कमकुवत आहे' म्हणतो. ह्यांनी मोबाइल उलटा ठेवून दिला.

सरळ १४० ला का घेतली नाही असं विचाराल, तर सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पंचवीस हजारात खिडकी? त्यात विहिरीची मोटार येती." मग विषय मिटला. ८५ वर मात्र गप्प बसले. गप्प म्हणजे होकार, पन्नास वर्षांच्या अनुभवाने सासूबाई म्हणाल्या.

कडक_भाकर
काय झालं ताई? लागली का? इकडं आम्ही पाऊस अन् तुमची बोली, दोन्हीची वाट बघूलालाव.

मांजराकाठची
अजून काही नाही. 'विचाराधीन' एवढंच दिसतं. निघायला नऊ दिवस.

मांजराकाठची
निघायला चार दिवस. विचाराधीन. सिंगापूरचा व्हिसा आलाय, चौघांचाही अनेक प्रवेशांचा आहे की नाही ते तपासलं. जहाज सिंगापूरहून बाहेर जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणून एका प्रवेशाचा चालत नाही. हेही कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मांजराकाठची
लागली!! हैदराबादला विमानतळावर बसलो होतो, तेव्हा मेसेज आला. सासू-सासऱ्यांची ८५ वाली. काटा शेवटपर्यंत लाल होता हे नोंदवून ठेवा. आमची ६० वाली अजून लटकलेली. विमान सुटतंय, आल्यावर लिहिते.

प्रा_परभणी
अभिनंदन. लाल काट्याची नोंद घेतली.

मांजराकाठची
परत आलो. दोन दिवस झाले, कपडे धुवून झाले, आता सविस्तर लिहिते.

आमची ६० वाली लागली नाही. तसा मेल आला, आम्ही जहाजावर चढायच्या रांगेत असताना.

पहिला घोळ बॅगांचा. बॅगांना खोलीच्या नंबराच्या चिठ्ठ्या घरूनच छापून लावायच्या असतात. आम्ही लातूरलाच लावल्या होत्या, जुन्या नंबराच्या. खोली बदलली, हे विमानतळावर कळलं, पण चिठ्ठ्या बदलायच्या असतात हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यामुळे सासऱ्यांची बॅग आणि सासूबाईंची गाठोडेवजा पिशवी, जिच्यात त्यांची वाकळ होती, दोन्ही सहाव्या मजल्यावर त्यांच्या जुन्या दारासमोर जाऊन बसल्या. ती खोली आमच्या शेजारचीच, म्हणून सापडल्या. आणि ती खोली खरंच दुसऱ्या कुणाला तरी विकली होती! चेन्नईकडचं एक जोडपं दार उघडून वाकळीकडे बघत उभं होतं. गोदाकाठ भाऊ, तुमचे दोन धंदे असे डोळ्यांनी बघितले. ज्यांची बोली उशिरा लागेल त्यांनी बंदरावरच्या हमालाकडून नवीन चिठ्ठी मागून लावावी, मिळते.

आपत्कालीन वेळेला जमायची जागाही खोलीप्रमाणे बदलते, ती खोलीच्या नव्या कार्डावर बघून घ्यावी लागते. आम्ही एकीकडे, ते दोघं दुसरीकडे. त्या सरावाच्या वेळी ह्यांची जरा घालमेल झाली. म्हाताऱ्या माणसांबरोबर जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चाला.

खोली नवव्या मजल्यावर, जरा पुढच्या बाजूला. समोर लाइफबोट नव्हती. सासरे आत शिरले आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता सरळ बाल्कनीत जाऊन उभे राहिले. जहाज सुटायला अजून अडीच तास होते.

रात्री साडेअकराला आमच्या दारावर थाप. सासूबाई, काखेत वाकळ. "तिथं उजेड आहे, वारं आहे, अन् पाणी रात्रभर बोलतंय. मला न्हाई झोप येत." आमच्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. त्यांना ते फार आवडलं, माहेरच्या धाब्याच्या घरातल्या माजघरासारखं वाटतं म्हणाल्या. मग ह्यांना वर पाठवलं. चारही रात्री तसंच. खाली आम्ही सासू-सून, वर बाप-लेक. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची क्रूझ अशी झाली.

हे सांगत होते, पहाटे चारला जाग आली की अण्णा, म्हणजे सासरे, बाहेर खुर्चीत बसलेले असायचे. मलाक्कात रात्री इतकी जहाजं असतात की दिव्यांची ओळच्या ओळ लागते. अण्णा ती मोजत बसायचे. तिसऱ्या पहाटे ह्यांना म्हणाले, "एवढं पाणी, अन् पेरायला एक थेंब कामाचा नाही." मग थोड्या वेळाने, "पण बघायला बरंय." हे म्हणाले, दुकानात पंधरा वर्षं रोज भेटतो, एवढं शेजारी कधी बसलो नव्हतो.

पैशाचा हिशेब : १५,९०० च्या घरात कापले गेले, नाथसागर भाऊंचा आकडा जवळजवळ बरोबर.

वसमतची_हळद
म्हणजे मी विचारलं होतं ते बरोबरच होतं, सासूबाईंना काय पाहिजे :)

मांजराकाठची
ताई, तुम्हालाच पहिला नमस्कार. त्यांच्या वाटणीचे ८५ डॉलर ह्यांनी झोपून वसूल केले असं समजतेय.

हुरडापार्टी
एक विचारू का, वाकळ विमानतळावर कुणी अडवली नाही?

मांजराकाठची
हैदराबादला मशीनमधून दोनदा घातली. सिंगापूरला बंदरावर उघडायला लावली. आतल्या जुन्या साड्यांचे थर बघून ती मुलगी काय आहे विचारत होती. सासूबाईंनी मराठीत सगळं सांगितलं, कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते. तिने ऐकून घेतलं आणि परत नीट घडी घालून दिली.

नाथसागर
पुढच्या मार्चमध्ये आमचं ठरतंय, सहा जण, तीन खोल्या. तिन्हीवर बोली लावू की एकीवरच?

गोदाकाठ
आधी सरळ भाव विचारा. मग इथे आकडा टाका, दादांना दाखवायला सांगू.